तुम्ही बसा, मी आणून देते

पार्किन्सन्स झालेल्या माणसाच्या घरात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कोणतं असेल? माझ्या मते, "तुम्ही बसा, मी आणून देते." त्यात माया असते, थोडी घाई असते, पडतील-बिडतील ही भीती असते. पण गेल्या दोनेक वर्षांत या आजाराबद्दल जे वाचलं आणि जवळून पाहिलं त्यावरून माझं ठाम मत झालंय, की या मायेच्या वाक्यानं पेशंटचं जेवढं नुकसान होतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशानं होत असेल.

आमचे बरेच नातेवाईक हे वाचतात. त्यातल्या काहींना वाटेल की हा टोमणा आपल्यालाच आहे. तसं काही नाही. (बरं, थोडंसं आहे. :) )

माझे मामा सांगलीला असतात. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. फळ्यावरचं त्यांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. ते अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं, तेव्हा सगळ्यांना वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. आवाज बारीक झाला, तो वयामुळे. चेहऱ्यावरचं हसू कमी झालं, ते मुलं लांब गेली म्हणून. हात काही थरथरत नव्हता, त्यामुळे पार्किन्सन्सची शंका कुणाला आली नाही. हात थरथरला की पार्किन्सन्स आणि नाही थरथरला की नाही, एवढंच आपल्याला माहीत असतं. प्रत्यक्षात थरथर प्रत्येकाला येतेच असं नाही. हालचाली मंद होणं, अंग ताठरणं, अक्षर बारीक होणं, आवाज खाली जाणं, वास न येणं, बद्धकोष्ठ, चालताना एक हात न हलणं, हे सगळं त्याच कुटुंबातलं.

निदान झालं, पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, फरकही पडला. मग दोन दिवाळ्यांपूर्वी मामा बाथरूममधे पडले. हाड मोडलं नाही, पण घर हादरलं. आणि घरच्यांनी एकमतानं ठरवलं, की आता पूर्ण आराम. चहा खुर्चीत, पेपर खुर्चीत, जेवण खुर्चीत. सहा महिन्यांत अशी वेळ आली की खुर्चीतून उठायला दोन माणसं लागायला लागली. आजार वाढला असं सगळे म्हणाले. आजार थोडा वाढला असेलही, पण मला विचाराल तर त्या सहा महिन्यांत जास्त वाढली ती खुर्ची.

आता थोडं शास्त्र. कंटाळू नका, लांबवत नाही.

जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरनं १८१७ साली या आजारावर एक छोटासा निबंध लिहिला. त्यात फक्त सहा माणसांची वर्णनं होती, आणि त्यातली काही तर त्यानं रस्त्यावर नुसती जाता-येता पाहिलेली होती! आपल्याकडे आयुर्वेदात 'कंपवात' आहेच, आणि खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा सापडतं हेही आता सर्वांना माहीत आहे. (म्हणून बाजारातली पावडर आणून मनानं घ्यायची नाही. गोळ्यांबरोबर डोस दुप्पट होऊन बसेल.) मेंदूच्या खोल भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात, हे मूळ कारण. लेव्होडोपाची गोळी ती कमतरता काही तासांपुरती भरून काढते. पेशी मरणं मात्र ती थांबवत नाही. आजवर कोणत्याच औषधानं ते खात्रीनं थांबवलेलं नाही.

या पेशींचं काम काय? तर अंगवळणी पडलेल्या हालचाली आपोआप चालवणं. आपण चालतो तेव्हा 'आता डावा, आता उजवा' असं म्हणत नाही. बोलताना आवाज किती ठेवायचा याचा हिशेब करत नाही. हे 'आपोआप' खातं पार्किन्सन्समधे बिघडतं. पण 'मुद्दाम' खातं बऱ्याच अंशी शाबूत असतं! लक्ष देऊन, ठरवून, मोजून केलेली हालचाल मेंदूच्या दुसऱ्या वाटेनं जाऊ शकते. पुनर्वसनाची सगळी थेरपी या एका गोष्टीवर उभी आहे.

म्हणूनच चमत्कार वाटावा अशा गोष्टी दिसतात. सपाट जमिनीवर पाय चिकटल्यासारखा उभा राहणारा माणूस जिना झरझर चढतो, कारण पायरी डोळ्यांना सांगते 'इथे पाऊल टाक'. हॉलंडमधल्या नायमेखनच्या बास ब्लूम या डॉक्टरांनी २०१० साली एका पेशंटची हकिगत प्रसिद्ध केली. दहा वर्षांचा पार्किन्सन्स, दोन पावलं टाकताना कोलमडणारा माणूस, आणि सायकलवर बसवल्यावर मस्त चालवतोय! आपल्याकडे हे पाहून लोक म्हणतात, "बघा, मनात आलं की जमतं, एरवी नाटकं करतात." मंडळी, नाटक नाही हो ते. तो आजारच तसा आहे. हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना ते किती लागतं, ते मामांकडून ऐकलंय मी.

तर मामांकडे मिरजेहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायला लागली. वय पंचवीस-सव्वीस. पहिल्या दिवशी तिनं मामींना सांगितलं, "काकू, उद्यापासून तुम्ही काकांना उठवायचं नाही, मी शिकवते तसं ते उठतील." मामींना ते अजिबात आवडलं नाही. :)

तिनं शिकवलेल्या काही गोष्टी इथे लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल.

खुर्चीतून उठताना आधी कडेला सरकायचं, पाय गुडघ्यांच्या मागे घ्यायचे, नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतकं वाकायचं आणि मग 'एक, दोन, तीन' म्हणून उठायचं. आपण त्यांना काखेत धरून सरळ वर ओढतो, त्यानं ते उलटे मागे पडतात.

चालताना पाय चिकटला (बहुतेक वेळा दारात, अरुंद जागेत किंवा वळताना चिकटतो) की ओढायचं नाही, "चला चला" म्हणायचं नाही. थांबायचं. श्वास घ्यायचा. वजन डावीकडे-उजवीकडे झुलवायचं आणि मोजून एक मोठं पाऊल टाकायचं. नाहीतर समोर कुणीतरी आपला पाय आडवा ठेवायचा आणि सांगायचं, 'हा ओलांडा'.

वळताना जागच्या जागी गिरकी घ्यायची नाही. बैलगाडी वळते तसं मोठं वळण घ्यायचं.

तिनं हॉलपासून बाथरूमपर्यंत पावला-पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. जुन्या घरातल्या लहान फरशांच्या रेघा या कामी येत असणार. आता आपण सगळीकडे त्या चकचकीत, एकसंध टाइल्स घालतो. त्यावर ना रेघ, ना पकड. 

आवाजाचं सगळ्यात भारी. मामांना ती म्हणाली, "सर, शेवटच्या बाकावरच्या पोराला ऐकू गेलं पाहिजे." बस्स! 'मोठ्यानं बोला' म्हणून जे आम्हाला वर्षभर जमलं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं. याला शास्त्रही आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकात ली सिल्व्हरमन या पेशंटबाईंच्या नावानं आवाजाची एक थेरपी तयार झाली. तिचं सार एवढंच, की पेशंटला स्वतःला आपला आवाज नेहमीचाच वाटत असतो, म्हणून त्याला 'ओरडतोय' असं वाटेल इतका मोठा आवाज सवयीचा करायचा. सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीतास्वयंवर' केलं. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याचं महत्त्व या गावाला कुणी सांगायला नको!

आठेक महिने ती आली. मामा बरे झाले का? नाही. हा आजार बरा होत नाही, आणि बरा करतो म्हणणाऱ्यापासून लांब राहावं. पण मामा एकटे उठायला लागले. गणपती मंदिरापर्यंत मामींबरोबर जाऊन यायला लागले. फोनवर त्यांचं बोलणं समजायला लागलं. मग तिला पुण्यात चांगली नोकरी लागली आणि ती गेली. तिचं काही चुकलं नाही, शिकलेल्या मुलीनं जायलाच हवं. पण मामांचा व्यायाम तिच्याबरोबर गेला. आधी आठवड्यातून चारदा, मग दोनदा, मग 'उद्या करू'. आणि घरात परत ते वाक्य ऐकू यायला लागलं, 'तुम्ही बसा...'

खरा प्रश्न मला इथे दिसतो. व्यायाम हा या आजारात उपचाराचा अर्धा भाग आहे असं सगळे तोंडानं म्हणतात, पण वागणं असं की गोळी म्हणजे औषध आणि व्यायाम म्हणजे जमलं तर. गोळी चुकली तर घरात आरडाओरडा होतो. व्यायाम महिनाभर चुकला तरी कुणाला आठवत नाही.

बरं, पुरावा कमी आहे म्हणाल तर तसंही नाही. २०१२ साली अमेरिकेत १९५ पेशंट्सवर ताई-चीचा प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा त्यांचा तोल सुधारला आणि पडणं कमी झालं. २०१९ साली हॉलंडमधे १३० पेशंट्सच्या घरी व्यायामाची सायकल देऊन पाहिली. सहा महिन्यांनी सायकलवाल्यांची हालचाल नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा चांगली टिकून होती. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेनं दीडशेहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. नाच, पाण्यातले व्यायाम, ताकदीचे, तोलाचे, बहुतेक सगळ्यांचा थोडाफार उपयोग दिसला, आणि अमुकच प्रकार हवा असं काही ठामपणे दिसलं नाही. म्हणजे 'कोणता व्यायाम' यापेक्षा 'करतोय का' हा प्रश्न मोठा.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ साली इंग्लंडमधला ७६२ पेशंट्सचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी देऊनही काही फरक दिसला नाही! हे वाचून मी आधी चक्रावले. मग पुढचं वाचलं. त्या पेशंट्सना आठ आठवड्यांत साधारण चार भेटी मिळाल्या होत्या, प्रत्येकी तासाभराच्या. आता सांगा, आठ आठवड्यांत चार दिवस तालमीत जाऊन कोण पैलवान झालाय? आमच्या सातारा-सांगलीच्या लोकांना तरी हे समजावून सांगावं लागू नये.

आणि आपल्याकडे नेमकं हेच चालतं. तीन महिन्यांनी पुण्याला मोठ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट. सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, साताऱ्याहून एकशे दहा. पहाटे निघायचं, गाडीत अंग आखडायचं, गोळीची वेळ चुकायची, दहा मिनिटं तपासणी, जाता जाता 'व्यायाम करत जा हां', की परत. तज्ज्ञ डॉक्टर हवेतच, गोळ्यांचं गणित त्यांनीच बसवायचं. पण व्यायाम पुण्याला जाऊन करता येत नाही. तो आपल्या गावात, आपल्या गल्लीत, आठवड्यातून तीनदा-चारदा व्हायला हवा.

साताऱ्यात माझ्या शेजारी एक आजोबा आहेत, त्यांनाही हाच आजार. त्यांच्या सूनबाईंनी विचारलं, "आपल्याकडे काहीच नाही का हो?" खरं तर माणसं आहेत. कराडला कृष्णा हॉस्पिटलचं फिजिओथेरपी कॉलेज आहे. मिरजेला १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि वॉन्लेससाहेबांच्या मिशन हॉस्पिटलामुळे मिरजेला तर शंभरेक वर्षं लांबलांबून पेशंट येत राहिले. दोन्ही जिल्ह्यांत फिजिओथेरपिस्ट आता गावोगाव आहेत. पण ते पाहतात बहुतेक गुडघे, कंबर आणि पॅरालिसिस. पार्किन्सन्सवाल्यांना एकत्र बोलावणारं कुणी हवं, आणि ते जवळपास हवं.

असं एकत्र येऊन काय होतं ते पुण्या-मुंबईत दिसलंय. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. ते पेशंट आणि घरच्यांनीच चालवलेलं, भेटा, बोला, सहलीला जा, गाणी म्हणा असं. पुण्यातच हृषीकेश पवार या नर्तकानं पार्किन्सन्सच्या पेशंट्ससाठी नाचाचे वर्ग घेतले. न्यूयॉर्कमधे ब्रुकलिनला २००१ पासून असे वर्ग चालतात. मुंबईत त्याच वर्षी पार्किन्सन्ससाठी एक सोसायटी सुरू झाली, तिनं ठिकठिकाणी गट चालवले. कोविडनंतर काही वर्ग ऑनलाइनही झाले. पण सत्तरीच्या माणसाला मोबाइलच्या चिमुकल्या चौकटीत बघून तोल सांभाळायला सांगणं... चालेल, पण तेवढंच.

गटाचा फायदा फक्त खर्च वाटला जातो एवढा नाही. चेहरा कोरा, आवाज बारीक, तोंडातून लाळ, म्हणून ही माणसं लग्नाकार्याला जाणं सोडतात. हॉलमधे वीस जण तसेच असले की लाजायचं कुणाला? आणि गटात एक थेरपिस्ट गेला तरी दुसरा येईपर्यंत लोक एकमेकांना धरून ठेवतात. मामांच्या बाबतीत हेच कमी पडलं.

आणि ताल! तालावर पाऊल मोठं आणि नियमित पडतं, हे या थेरपीतलं चांगलं तपासलेलं तत्त्व आहे. परदेशात त्यासाठी मेट्रोनोम लावतात. आपल्याकडे? माउलींची पालखी दर वर्षी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण करत सातारा जिल्ह्यातूनच जाते. टाळ-मृदंगावर पडणारी वारकऱ्यांची पावली पाहिली नाही असा माणूस इथे सापडणार नाही. शाळेत लेझीम न खेळलेलाही क्वचितच. ज्यांच्या पायात हे लहानपणापासून मुरलंय त्यांना ट्रेडमिल नाही म्हणून घरी बसवायचं? खुर्चीच्या पाठीला एक हात धरून पावली घालता येते. लेझमीची चाल बसूनसुद्धा करता येते. (हृदयाचा त्रास असेल, उठल्यावर बीपी उतरत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून. आणि गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेत.)

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दोन्ही गावांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, हास्यक्लब आहेत, मंगल कार्यालयं आहेत. आठवड्यातून तीन दिवस, एक तास, तळमजल्यावरचा हॉल, हातांच्या भक्कम खुर्च्या, एक स्पीकर आणि एक थेरपिस्ट. याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही. कॉलेजांनी आपली मुलं शिकायला पाठवली तर त्यांनाही पेशंट पाहायला मिळतील. राज्यात एसटी पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून फुकट आहे, म्हणजे कोरेगाव-तासगावहून यायचंही जमेल.

पैशांचा प्रश्न येतोच. विमा साधारणपणे अ‍ॅडमिट झाल्यावर पैसे देतो, आठवड्याच्या व्यायामाला नाही. पडून खुबा मोडल्यावर ऑपरेशनला पैसे मिळतील, पण पडू नये म्हणून शिकायला नाही! हा उलटा न्याय कधी बदलेल माहीत नाही. पण एक गोष्ट फार कमी घरांना ठाऊक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्सचं नाव आहे. सरकारी रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्र मिळू शकतं. 'आमच्या यांना अपंग म्हणायचं?' म्हणून लोक जात नाहीत. जा. आपला हक्क आहे तो.

शेवटी मामींबद्दल, म्हणजे सगळ्या मामींबद्दल. 'त्यांचं त्यांना करू द्या' असं मी इथे बसून लिहिणं सोपं आहे. त्यांना शर्टाची बटणं लावायला पंधरा मिनिटं लागतात आणि घरात स्वयंपाक, दूध, कामवाली, सगळं एकाच वेळी चालू असतं. पटकन बटणं लावून देणं हा तिचाही नाइलाज असतो. म्हणून पेशंटच्या तासाला बायकोनंही यावं असं मला वाटतं. त्याला मदत करायला नव्हे, शेजारच्या खोलीत चहा घेत दुसऱ्या मामींशी बोलायला. आणि नातेवाईकहो, भेटायला जाताना सफरचंदं नेऊ नका. तासभर काढून जा, मामींना बाहेर पाठवा आणि मामांना फिरायला न्या. त्यांच्या चालीनं. बटणं पंधरा मिनिटांत लागत असतील तर पंधरा मिनिटं बसा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ सालीच जगात ८५ लाखांहून जास्त लोकांना हा आजार होता, आणि आपण सगळेच म्हातारे होतोय. हॉल आज शोधला तर आपल्याही उपयोगी पडेल.

असो. साताऱ्यातल्या आजोबांच्या सूनबाई आणि मी, आम्ही दोघी पुढच्या आठवड्यात एका हॉलची चौकशी करायला जाणार आहोत. सांगलीत कुणी असं काही करणार असेल तर कळवा. पहिलं नाव लिहून घ्या: आमचे मामा. येताना ते स्वतःच्या पायांनी येतील, वेळ लागेल, पण येतील.